कापलेलं दावं

घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. तेव्हा हे धाडस माफ करावं. वसतिगृहाच्या विहिरीवर अंबाडीचा ओला दोर हाती आला, की पोळ्यानंतरचा तो दिवस आठवतो. वादळी पावसात कयाधू नदी आमच्या शेतात शिरली आणि वडील तिथल्या गोठ्यातले बैल सोडायला धावले. दुपारी बैल एकटेच दारात आले, थरथरत. आईनं त्यांच्या गळ्यातलं दावं चाचपलं. "इळ्यानं कापलंय. म्हंजे गोठ्यापतूर गेले व्हते." दोन दिवस आम्ही पाण्याकडे पाहत होतो. काळं काही वाहत आलं, की मी काठापर्यंत धावे. तिसऱ्या दिवशी कळमनुरीकडचा एक गुराखी आमचं घर विचारत आला. "काकी, मालक आमच्या देवळात हायेत. अंगावर धोतर न्हाई, अन् बैलं घरी पोचले का म्हून इचारून राहिले!"