मुक्ता म्हणाली, अमेरिकन

आज इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या घरी संत्र्याच्या सालीचा मुरंबा करायला घेतला. त्याचा कडवट-गोड वास किचनभर पसरला आणि मला स्पेनमधल्या आजी आठवल्या.

किती वर्षं झाली! सुट्टीत आम्ही तिघं त्यांच्या घरी भाड्याने उतरलो होतो. "इंडिया!" असं कौतुकाने म्हणत त्या आमच्या सात वर्षांच्या मुक्ताला पावावर मुरंबा लावून द्यायच्या, तिच्या वेणीवरून हात फिरवायच्या. तेव्हा अमेरिकेने सुरू केलेलं युद्ध चालू होतं आणि त्यात स्पेनचंही सैन्य होतं. एका सकाळी टीव्हीवर कोसळलेली घरं दिसत होती. पडद्याकडे बोट दाखवत आजी रागाने म्हणाल्या, "अमेरिका!"

मुक्ता खुदकन हसली. "दॅट्स मी! आय ॲम अमेरिकन!"

आजींचा हात वेणीवरच थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि भिंतीवरचा एका सैनिकाचा फोटो दाखवला. "माय सन," त्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या. "देअर."

"आम्ही दोघं नुसते ग्रीन कार्डवाले, आम्हाला मतसुद्धा देता येत नाही," असं माझा नवरा त्यांना इंग्रजीत समजावत राहिला. त्यांना तेवढं इंग्रजी येत नव्हतं.

जिन्यात मुक्ताने विचारलं, "आई, व्हॉट डिड आय डू?"

"काही नाही गं," एवढंच मला म्हणता आलं.

तेव्हा आजींचा फार राग आला होता. आता वाटतं, त्या बाईला तरी जाब विचारायला आमच्याशिवाय दुसरं कोण सापडणार होतं?

हल्ली मुक्ता परदेशी निघाली की मीच सांगते, "कुणी विचारलं तर इंडिया सांग."

"पण आई," ती म्हणते, "आय ॲम नॉट फ्रॉम इंडिया."