चिमाआत्याची दुपारची मिश्री

दुपारची भांडी घासून झाली की कात्रपमधल्या आमच्या चाळीवर खरपूस, घशात खवखवणारा धूर पसरायचा. चिमाआत्या तव्यावर तंबाखू भाजतेय, हे कुणी सांगायची गरजच नसायची. काळी झालेली पानं ती तळहातावर चुरायची, पूड डबीत भरायची आणि ओट्यावर भिंतीला टेकून बोटाने दातांना लावत बसायची. शेजारच्या दोघीतिघी आपापल्या डब्या घेऊन यायच्या. सगळ्यांची तोंडं मिश्रीने भरलेली, त्यामुळे भांडण नाही की चहाड्या नाहीत. चाळीत एवढी शांतता दुसऱ्या कशानेच झाली नसती, हे मीसुद्धा मान्य करते.

हळूहळू आत्याचे डोळे जड व्हायचे. दोरीवरचे कपडे, समोर चढत चाललेल्या नव्या बिल्डिंगचे बांबू, सगळं म्हणे विरघळून जायचं आणि तिथे तिच्या सासरगावचं, वांगणीचं शेत उगवायचं. बांधावरून तिचे यजमान हरिचंद्र चपला हातात घेऊन चालत यायचे. अंबरनाथच्या कारखान्यात लागून वर्ष होतं न होतं तोच ते काविळीने गेले होते. तिशीही गाठली नव्हती त्यांनी. आत्याला मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न तिने केलं नाही. लोकांच्या पोळ्या लाटून तिने आयुष्य काढलं.

जागी झाली की ती चूळ भरून सांगायची, "आज ह्ये आले होते. पायाला ह्यो चिखल! म्हनले, चिमे, भाकरी झाली का?"

मी तिची सख्खी भाची आणि तोंडाने फटकळ. म्हणायचे, "आत्ये, तंबाखूची किक आहे ती."

"असू दे की. तुझा नवरा शुद्धीत असून तरी तुझ्याशी बोलतो का?"

खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा.

मधे सरकारने गुटखा बंद केला, तो काही वर्षांत परत आला. मग चारचौघांत विडी-सिगारेट ओढायला बंदी आली. आत्याच्या ओट्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही. बायकांची मिश्री कोण मोजतं? पण दोन हजार नऊच्या पावसाळ्यात नाक्यावरच्या लच्छूशेठच्या दुकानात तंबाखूचे नवे पुडे आले आणि त्यांच्यावर भलामोठा विंचू छापलेला होता.

आत्याला वाचता येत नाही. तिने पुडा मला कौतुकाने दाखवला. "विंचू छाप. नवीन निघालीय. आम्हा बायांसाठीच काढली असंल." आणि तिने हात पुढे केला. मनगटाच्या वर हिरवट, पुसट झालेला विंचू होता, लग्नाआधी गोंदवून घेतलेला. खरा विंचू चावू नये म्हणून तिच्या गावात पोरींच्या हातावर तो काढायचे. आता चाळीतल्या सगळ्याजणी लच्छूशेठकडे विंचू छापच मागायला लागल्या होत्या.

मला आधी हसू फुटलं, मग संताप आला. "अगं, छाप कसली? घाबरवायला काढलाय तो! तंबाखू जीव घेते, असं लिहिलंय खाली."

"मग विंचू कशाला काढला? विंचवानं कोन मरतं? दोन दिस ठनकतं आन् उतरतं."

"तोंड उघड."

"कशाला?"

"विंचू आत शिरलाय का बघते."

आत्या खदखदून हसली, आणि त्या हसण्यातच मला तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला.

दुसऱ्याच दिवशी तिला ओढत उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "आजी, मिश्री आत्ता सोडलीत तर हा चट्टा जाऊ शकतो. नाही सोडलीत तर याचा कॅन्सर होऊ शकतो."

घरी येऊन ओट्यावर बसल्यावर आत्या म्हणाली, "मरनाचं भ्या नाय ग मला. पन मिसरी सोडली तर ह्ये कुठून येतील?"

मला रडू कोसळलं. रडत रडतच मी तिच्यावर ओरडले, "ते गेलेत, आत्ये! तू आहेस. मला तू हवीयेस."

तिने कमरेची डबी काढून माझ्या हातावर ठेवली.

पुढचे दिवस वाईट गेले. तिचं डोकं ठणकायचं, चाळीतल्या प्रत्येकाशी ती भांडून झाली. दुपारी बडीशेप चघळत भिंतीला टेकायची, डोळे टक्क उघडे. समोर नुसते बांबू. "आले?" मी विचारायचे. "नाय." चट्टा फिका होत गेला, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. आत्याचं मात्र कशातच मन नव्हतं. तिचं जे होतं ते आपणच हिसकावून घेतलं, असं मला तिच्याकडे बघून वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी ऊन मऊ पडलं होतं आणि बसल्या जागी तिला डुलकी लागली. जागी झाली तेव्हा मी शेजारी तांदूळ निवडत होते.

"आले होते," ती म्हणाली.

मी सूप बाजूला टाकलं. "बघ! उगीच घाबरलीस. काय म्हणाले?"

"तसेच आले बांधावरून. तसेच पोरसवदा. माझ्यापुढं थांबले आन् म्हनले, 'मावशी, आमची चिमी कुठं दिसली का?'"

मी तिच्याजवळ सरकले.

"मिसरीच्या गुंगीत मी बी त्यांच्याच वयाची असायचे ग," ती म्हणाली. "आज हाय तशी दिसले."

"मग तू काय सांगितलंस?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"काय सांगनार? म्हनलं, हाय रे पोरा. बरी हाय ती."