तळाची मूठभर डाळ

तूरडाळीच्या डब्याचं झाकण उघडलं की एरंडेल तेलाचा जडसर वास येतो आणि मी थेट नवऱ्याच्या फॅक्टरीच्या त्या जुन्या क्वार्टरात जाऊन पोचते. लग्न होऊन नुकतीच जबलपूरला आले होते. गढ्याच्या बाजारातून डाळ-तांदूळ आणून मी कोरे करकरीत डबे भरायला बसले होते. माहेर आठवून डोळे मात्र सारखे भरून येत होते.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अगं थांब! रिकाम्या डब्यात डाळ काहून ओतून राहिली?"

त्या लगबगीनं घरी गेल्या आणि आपल्या डब्यातली एरंडेल चोळलेली मूठभर डाळ पदरात घेऊन आल्या. ती माझ्या डब्याच्या तळाशी टाकत म्हणाल्या, "भरल्या घरचे दाणे आधी पाहिजेत. आता हा डबा कधी खाली नको होऊ देऊ."

तेव्हा मला ती भाबडी समजूत वाटली होती. आज वाटतं, या परक्या गावात मला घर मिळालं ते त्या मुठीतूनच.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. डबा मी कधी रिकामा होऊ दिला नाही.

आता लेकीनं महाराजपूरला वेगळं बिऱ्हाड केलंय. तिनं दूध-तूपही सोडलंय, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळे डाळी-कडधान्यांचेच डबे. काल मी माझ्या त्या डब्याच्या तळाची मूठभर डाळ घेऊन गेले तर हसली. "मम्मी, डाळ तर आहे ना माझ्याकडे!"

"ही माझी नाही गं," मी म्हटलं, "काकूंची आहे."