भाताची मुळं, जंतू आणि आमचे सर

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट यायला वर्ष लागतं, किस्सा मात्र रोज संध्याकाळपर्यंत तयार असतो. मैत्रिणी विचारतात, "आज काय झालं?" मी हसत सुरुवात करते आणि पाचव्या मिनिटाला चहाचा कप आपटते!

काम तसं सरळ आहे. पनवेलच्या आमच्या लॅबमध्ये भाताच्या रोपातलं एखादं जीन एडिटिंग करून बंद करायचं, रोप मातीत लावायचं आणि त्याच्या मुळांपाशी राहणारे जंतू टिकतात की निघून जातात ते बघायचं. म्हणजे कुठलं जीन कुठल्या जंतूला घरात घेतं ते कळतं. बस्स. पण हे किती जणांना समजावू?

पहिला मान आमच्या ॲडमिनच्या साहेबांचा. पाहुणे येणार म्हणून त्यांनी शनिवारी आमचं नेटहाउस, म्हणजे कुंड्या ठेवलेली जाळीची शेड, धुऊन घेतली. सोमवारी दार उघडलं तर फिनेलचा भपकारा! कुंड्यांतसुद्धा ओतलेलं. तीन महिन्यांची रोपं माना टाकून पडलेली. मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, सगळे जंतू मेले!"

"मग थँक्यू म्हणा की!"

खांदा कॉलनीतल्या माझ्या घरमालकीण काकू त्यांच्याही वरचढ. मी काय काम करते ते ऐकल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात गाठलं. "ते जंतू तू घरी नाही ना आणत?"

"काकू, तुमच्या विरजणात आहेत त्याहून कमीच असतील."

त्या दिवसापासून माझ्याकडे येणारी ताकाची वाटी बंद!

आणि ते पाहुणे? ते आले. नवी रोपं जेमतेम रुजली होती. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी फोटोसाठी त्यातलं एक मुळासकट उपटलं आणि तलवारीसारखं वर धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी. आमचे सर, म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख, माझ्या कानाशी कुजबुजले, "स्माइल कर!"

पण खरा संताप आला तो उरणच्या वाटेवर. तिथल्या एका शेतातून आम्ही प्रयोगाची माती आणायचो. या खेपेला गेले तर डंपर उभे, शेतात पुरुषभर राडारोडा. मालक नव्या गाडीला टेकून उभा.

"दादा, हे काय? आम्हाला माती हवी होती!"

"माती कुठली, ताई? हितं आता माती नाय, प्लॉट हाय!"

रिकाम्या गोण्या मी तशाच गाडीत फेकल्या. त्या मातीतले जंतू पुन्हा कुठून आणायचे, हे ड्रायव्हरला विचारून काय उपयोग होता?

आता सुगंधाबाई. रोजावर येतात, कुंड्यांना पाणी घालतात, तण काढतात. एकदा त्या सरांना म्हणाल्या, "सर, तिसऱ्या रांगेतली रोपा बगा. उपटली का खालची माती झडून जाते. बाकीच्यांना चिकटून ऱ्हाते." तिसऱ्या रांगेत वेगळं जीन बंद केलेलं होतं. ते निरुपयोगी ठरवून सरांनी रांग मोडायला सांगितली होती.

सर खेकसले, "तुम्हाला काय कळतं? पाणी घाला!"

मी गुपचूप त्या मुळांची तपासणी केली. माती धरून ठेवणारे जंतूच गायब! सरांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला. आठवड्याभरात तो सरांचा शोध झाला.

मग दिल्लीहून तज्ज्ञ मॅडम आल्या. नेटहाउसमध्ये तिसऱ्या रांगेपाशी थांबून त्यांनी विचारलं, "इथंच बघावं, हे कसं सुचलं?"

"अनुभव, मॅडम," सर म्हणाले. "नुसत्या नजरेनं ओळखलं मी!"

माझ्या मुठी वळल्या. तेवढ्यात मागून, पाणी घालता घालता, सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तवा तर तुमी मना बोल्लात, तुमाला काय कलतं, पानी घाला."

मॅडमनी सरांकडे पाठ फिरवली, वही उघडली. "बाई, आणखी काय काय दिसलं तुम्हाला?"

सुगंधाबाईंनी पदर खोचला. इकडेतिकडे पाहिलं.

"जरा धरा," म्हणाल्या आणि पाण्याचा पाइप सरांच्या हातात दिला.