टाळूवरचं तेल

अनय आणि ईरा, बऱ्याच महिन्यांनी काल आपला व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा अनयने बाबाला हळूच विचारलं, "हू इज शी?" मला इंग्रजी चांगलं येतं, हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. म्हणून आज ही तुमची आजी लिहिते आहे.

सकाळी शेजारची मृण्मयी तिच्या तान्ह्या मुलीच्या टाळूवर तेल घालत होती. "काकू, किती धडधडतं हो इथं! हात लावायलाच भीती वाटते."

"अगं, आमच्या जुळ्यांच्या टाळू मीच भरल्या. हात हलका ठेव, झालं."

त्या पातळ कातडीखाली नुसती घाई चालली होती. त्या वयात मेंदू भराभर जोडण्या करतो, आणि ज्या वापरात राहत नाहीत त्या पुढे काढून टाकतो, असं मी वाचलं आहे. मीही कपाट तसंच आवरते, तेव्हा तक्रार तरी कशी करू? पहिली दोन वर्षं तुम्ही माझ्याजवळ होतात. मग विमानाने गेलात, आणि मी वापरात राहिले नाही. हे मनात आलं आणि मला मृण्मयीकडून उठून घरी यावं लागलं.

अनय, तुझा काही दोष नाही रे. तुमचे बाबा सांगतात, झोप येऊ लागली की तुम्ही दोघंही अजून आईच्या कानाची पाळी चिमटीत धरता. ती सवय तुम्हाला माझ्या कुशीत लागली. ती अजून आहे.