पुढचं डावं चाक

बाई गाडी चालवायला शिकवायच्या. गावातल्या निम्म्या लोकांच्या हाती त्यांनीच स्टिअरिंग दिलं होतं आणि उरलेल्यांना "तुम्ही आपले बसनेच फिरा" असं तोंडावर सांगितलं होतं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असे. शिकणारा भांबावला की आधी बाईंचा पाय चालायचा आणि मग तोंड. "समोर बघा. खांब काही बाजूला होणार नाही, तुम्हालाच व्हावं लागेल." नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. तेव्हापासून ते घर बाईंच्या त्या ब्रेकवरच्या पायावर चाललं होतं.

मुलगा मोठा होऊन टायरच्या दुकानात लागला. हात चांगला होता. चाक बसवलं की नट दोनदा आवळायचा. एकदा गिऱ्हाइकासाठी आणि एकदा माझ्या समाधानासाठी, असं म्हणायचा. मग त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. का मोडलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, फक्त अंथरूण धरलं. आधी चार दिवस, मग महिना, मग वर्ष. दुकानातून बोलावणी येऊन येऊन थांबली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नातेवाइकांनी उपदेश दिला. त्यातल्या गोळ्यांचा थोडाफार तरी उपयोग झाला.

भंगारवाल्याच्या आवारात बाईंना एक जुनी दोन दारांची गाडी दिसली. लहानपणी मुलगा अशाच गाड्यांची चित्रं काढून भिंती भरून टाकायचा. बाईंनी ती ओढत आणवली, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"गाडी आणलीय. इंजिन पार जाम आहे. मला बाई त्यातलं काही कळत नाही."

कळत होतं. पण तो कूस बदलून भिंतीकडे वळला. काही दिवसांनी बाई भांडी घासत असताना शेडमधून हातोडीचा आवाज आला. त्यांनी नळ बंद केला आणि तशाच ओल्या हातांनी ऐकत उभ्या राहिल्या.

गाडी म्हणजे गंजाला धरून उभा राहिलेला पत्रा होता. आत बसलं की पायाखालची जमीन दिसे. बाई पत्रा कापून द्यायच्या, तो जोडायचा. गोळ्यांमुळे सुरुवातीला हात थरथरायचा, वेल्डिंग वेडंवाकडं जायचं. तो चिडून पुन्हा घासून काढायचा आणि बाईंना बरं वाटायचं, कारण चिडायलासुद्धा अंगात जीव लागतो. अडकलेल्या पिस्टनांवर तेल ओतून ते वाट बघत राहिले, रोज पान्याने जरा हलवून बघत राहिले. ज्या दिवशी इंजिन अख्खं फिरलं, त्या दिवशी मुलगा काळ्या हातांनी तोंड पुसत हसला. मग तो वेळेवर जेवायला लागला, दाढी करायला लागला. गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आतल्या बाजूने बसवतात तो जाड नळ्यांचा पिंजरा बसेपर्यंत तो बऱ्यापैकी माणसात आला होता.

गावाबाहेर विमानांची एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे एका क्लबची हौशी मंडळी पिंपं मांडून वळणं आखायची आणि जुन्या गाड्या पळवायची. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. बक्षीस म्हणजे एक कप आणि पाठीवर थाप. पहिल्याच खेपेला मुलाने गाडी नीट पळवली. फार पुढे नाही, फार मागे नाही. त्याचे कान आनंदाने लाल झाले होते.

क्लबचे सेक्रेटरी बाईंचेच जुने विद्यार्थी. "बाई, आता तुम्हीपण एक फेरी माराच. मला खांबावरून किती बोललात! आज वचपा काढतो."

बाई हसत हसत बसल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका थांबवत आलेला त्यांचा पाय त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा सुटला. परत आल्या तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते. मुलाच्या वेळेच्या कितीतरी आत त्यांनी फेरी मारली होती.

"आई, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या.

दुसऱ्या फेरीला पट्टा बांधताना बाईंच्या मनात आलं, आता जरा हळू जावं. वळणावर पाय किंचित उचलायचा, बस. कुणाच्या बापाला कळलं नसतं. वळण आलं. बाईंनी पाय उचलला नाही. त्या फेरीला त्या आणखी लवकर आल्या.

घरी परतताना मुलगा म्हणाला, "यापुढे तूच चालव. मी गाडी बघतो."

"अरे, नक्की ना?" बाईंनी विचारलं. एकदाच विचारलं.

मग कपाटावर कप जमायला लागले. लोक मुलाला विचारायचे, "काय, आईची गाडी कशी आहे?" तो म्हणायचा, "मस्त." दाढी पुन्हा वाढली. ताटात अन्न उरायला लागलं. बाईंना दिसत नव्हतं असं नाही. एवढी एक स्पर्धा होऊ दे, मग त्याच्याशी बोलू, असं त्या स्वतःला सांगायच्या. ती झाली की पुढची असायचीच. लेकरू गटांगळ्या खात असावं आणि आईने काठावरून "आलेच हं" म्हणावं, तशातली गत.

त्या दिवशी सकाळी मुलाने धावपट्टीवरच चाकं बदलली. बाई निघाल्या. दुसऱ्या वळणाला स्टिअरिंग थरथरलं आणि पुढचं डावं चाक निखळून त्यांच्या डोळ्यांदेखत एकटंच पुढे पळत गेलं. गाडीचा तो कोपरा जमिनीवर घासला, गाडी गर्रकन फिरली आणि सिमेंटच्या कठड्यावर आदळली. मुलगा सगळ्यांच्या आधी पोचला. बाईंचा उजवा गुडघा गुडघ्यासारखा दिसत नव्हता.

सेक्रेटरी हॉस्पिटलमध्ये आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, "बाई, विचारावं लागतंय. नट कोणी आवळले होते?"

"मी. तो आवळणार होता, मी त्याला पाणी आणायला पिटाळलं. माझीच हयगय."

मुलगा खिडकीशी उभा होता. तो बाहेरच बघत राहिला. सेक्रेटरींनी दोघांकडे पाहिलं आणि "काळजी घ्या" म्हणून उठले.

गुडघा परत वाकला नाही. शिकवणीची गाडी दुसऱ्याने चालवायला घेतली. मुलाने मात्र सेवेत कसूर केली नाही. आईला उचलायचा, बसवायचा, अंघोळीचं पाणी काढायचा, स्वयंपाक करायचा. टायरच्या दुकानात परत जायला लागला. फक्त बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता.

एका रविवारी तो त्यांच्या पायाला पट्टा बांधत होता. बाईंनी विचारलं, "नट आवळायचे राहिले होते का रे?"

त्याचे हात थांबले नाहीत. "आठवत नाही."

"माझ्याशी तरी खरं बोल."

"खरंच बोलतोय. पाना हातात होता, तेवढं आठवतं. मग माइकवरून तुझं नाव पुकारलं आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. पुढचं काही नाही. राहिले की मीच सैल ठेवले, मलाच माहीत नाही, आई. रोज आठवून बघतो."

"राहिले असतील" असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं होतं. त्याऐवजी निघालं ते भलतंच. "पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीला मला हळू जाता आलं असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "वळणावरच उभा होतो मी."

त्याने पट्टा आवळला, जास्त घट्ट झाला का ते विचारलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे.

गाडी त्याच भंगारवाल्याने परत नेली. मुलगा सकाळी दुकानात जातो, संध्याकाळी येताना भाजी आणतो. दुकानात हल्ली तो हवा भरतो, पंक्चर काढतो. चाक बसवायचं काम आलं की दुसऱ्या कारागिराला हाक मारतो. मालकाला हे विचित्र वाटतं, पण माणूस वेळेवर येतो म्हणून तो चालवून घेतो. घरी दोघं एकाच टेबलावर जेवतात. एकाने मीठ मागितलं की दुसरा पुढे सरकवतो.