सात गाठींची दोरी

जव्हार संस्थान विलीन झाले त्या वर्षी मी इथल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी डॉक्टर सुमतीबाईंची बोलणी खाल्ली. खिडकीशी आलेल्या एका बाईला मी साऱ्या रांगेदेखत मोठ्याने विचारले, "लघवीला जळजळ होते का?" ती बिचारी पदरात तोंड लपवून निघूनच गेली. सुमतीबाई तिच्यामागे बाजारापर्यंत चालत गेल्या आणि तिला परत घेऊन आल्या. संध्याकाळी खिडकीशेजारी त्यांच्या जुन्या लुगड्याचा पडदा लागला. बाईंच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तर आधी तो पडदाच आठवला.

त्या काळी सल्फाच्या गोळ्यांचे आम्हांला कोण अप्रूप! दोन दिवसांत जळजळ थांबे. पण मुंबईहून खोके यायला उशीर झाला की मी शहाणपणा करी. बाई सात दिवसांच्या गोळ्या लिहून देत, मी तीन दिवसांच्याच देई. सगळ्या बायांना मिळाव्यात, एवढाच हेतू. आपण पुण्य करतो आहोत, अशीच माझी समजूत होती.

मग दाभोशाची बारकी आली. पाचवा महिना, हुडहुडी भरून ताप, कमरेत कळा. बाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतले आणि त्याच गोळ्या स्वतःच्या हाताने दिल्या. ताप हटेना. बाईंनी मला तिची लघवी सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावली. काचेवर जंतू खुशाल वळवळत होते.

"ह्या गोळ्या आधी घेतल्या होत्या?" बाईंनी विचारले.

बारकीची जाऊ लखमी म्हणाली, "दोनदा घेतल्या ना, बाय. खिडकीतशा तीन दिसांच्या देल्या. दोघींना येकच तरास, मंग आम्ही वाटून घेतल्या. घरात आलेला येकलीनं कसा खावा?"

मी तिथल्या तिथे सगळे कबूल केले. नोकरी गेली, असेच धरून चाललो होतो. बाईंनी मला समोर बसवले. मग म्हणाल्या, "अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. पुढे त्यांचीच वीण वाढते आणि तीच गोळी त्यांना काही करू शकत नाही. हे मी तुम्हांला कधी सांगितलेच नाही. चूक माझीही आहे."

एवढ्या मोठ्या बाई एका कंपाउंडरपुढे असे बोलल्या! मला आजही त्याचे नवल वाटते.

त्यांनी मुंबईला तार करून दुसरे औषध मागवले. ते येईपर्यंत दोन दिवस बारकीच्या उशाशी बसून तिला चमच्याने पेज पाजली. नव्या औषधाने तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बारकी वाचली, पोटातले मूलही वाचले.

त्यानंतर बाईंनी पाड्यांवरची एक रीत उचलली. लग्नाला उरलेले दिवस मोजायला तिथे दोरीला गाठी मारतात. गोळ्यांच्या पुडीबरोबर बाई सात गाठींची दोरी देऊ लागल्या. रोज रात्री एक गाठ सोडायची, बरे वाटले तरी थांबायचे नाही, आणि शेवटी मोकळी दोरी दवाखान्यात आणून द्यायची. जावेला त्रास असेल तर गोळी द्यायची नाही, जावेलाच घेऊन यायचे. दोरी आली नाही तर बाई चालत पाड्यावर जात. मोखाड्याच्या चढावर त्यांच्या मागे धापा टाकत गेलेला मी, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान!

परवा बारकी तेव्हा पोटात असलेल्या त्याच मुलीला घेऊन दवाखान्यात आली. हातात लांबलचक दोरी. "बायची उमर किती?" तिने विचारले. मी साठ म्हटले. मायलेकी पायरीवर बसून गाठी मारू लागल्या. साठ झाल्या तरी हात थांबेनात. मी म्हटले, "अगं, पुरे!"

बारकी मान वर न करता म्हणाली, "तुमी गप रहा. तुमी मागं पन कमीच देल्या होत्या."

तेव्हा मी गप्पच आहे. बाई, ती दोरी अजून संपलेली नाही. तिच्यातली साठीपुढची प्रत्येक गाठ, वर्षाला एक अशी, आपण धडधाकट प्रकृतीने सोडावी, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे.